संकासुराने नेमके काय पळवले?

तारकर्लीला येणारा पाहुणा हल्ली पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरतो. खडकाला चिकटलेले प्रवाळ बघतो, माशांच्या झुंडीत हात घालतो, पाण्याखालच्या कॅमेऱ्याला अंगठा दाखवतो आणि वर येऊन सुरमईच्या थाळीवर ताव मारतो. वेद मात्र त्याला कुठे दिसत नाहीत.

दिसायला हवे होते, असे म्हणायला थोडी जागा आहे. या किनाऱ्यावरच्या जत्रांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी रात्र जागून जे नाटक पाहिले, त्याच्या आरंभीच एक दैत्य ब्रह्मदेवाचे वेद पळवतो. त्याचे नाव संकासुर. पुराणातला शंखासुर तो हाच. तो वेद घेऊन समुद्रात दडला आणि ते सोडवून आणण्यासाठी विष्णूला मासा व्हावे लागले, अशी कथा आहे. ज्या गावांचे पोट समुद्रावर, त्यांना देवाचा पहिला अवतार मासा असल्याचे फारसे नवल वाटले नसावे.

कार्तिकातल्या पौर्णिमेच्या आगेमागे सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर दशावताराचा हंगाम. या नाटकाच्या पूर्वरंगाला आडदशावतार म्हणतात. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग काळ्या कपड्यात आपादमस्तक गुंडाळलेला संकासुर येतो आणि ठेठ मालवणीत बोलायला लागतो. देवांची मराठी संस्कृत वळणाची, भरजरी. वेद चोरणारा मात्र गावची भाषा बोलतो आणि जाता जाता गावातल्या ताज्या भानगडींवर तोंडसुख घेतो. शेवटी विष्णू त्याला मारतो, वेद सुटतात आणि मुख्य आख्यान सुरू होते. आता वेळेच्या ओढाताणीत हा भाग आखडतो, पुष्कळदा गाळलाही जातो.

तो गाळला की एक चांगला प्रश्नही गळतो. वेद काही पोथीत बांधलेले नव्हते. ते तोंडी होते, एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने ऐकून धरायचे. पोथी पळवता येते, पण म्हणणे कसे पळवणार? मग संकासुराने त्या रात्री नेमके काय उचलले?

तत्त्वज्ञानात या जातीच्या प्रश्नाला अस्तित्वमीमांसेचा प्रश्न म्हणतात. दगड आहे, झाड आहे, भूक आहे, सात ही संख्या आहे. पण ‘ज्ञानेश्वरी’ आहे किंवा ‘कोंडुरा’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते ‘असणे’ कोणत्या जातीचे? त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो: असल्या वस्तूने माणसाचे भले होते म्हणतात, ते कशाच्या बळावर? दुसऱ्याचे उत्तर पहिल्यात दडलेले आहे, आणि ते शोधायला दशावतारासारखी जागा नाही, असे मला वाटते.

कागद बुडतो

सोपे उत्तर असे की साहित्यकृती म्हणजे तिचे पुस्तक. हे उत्तर मराठी माणसाला पटणे कठीण, कारण त्याने तुकोबांची गोष्ट लहानपणीच ऐकलेली असते. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. चमत्कार न मानणारे सांगतात, वह्या आल्या नसतील, अभंग आले. ते लोकांच्या तोंडी होते, बुडणार कसे? दोन्ही पक्षांत कितीही भांडण असो, एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. बुडाला तो कागद, गाथा बुडाली नाही. म्हणजे गाथा आणि कागद या दोन वेगळ्या वस्तू झाल्या.

याहून बारीक पुरावा एकनाथांनी दिला आहे. ज्ञानेश्वरी 1290 सालची. पुढच्या तीनशे वर्षांत ती हातोहात उतरवली गेली आणि उतरवणाऱ्यांच्या चुका, भर, गाळणी तिच्यात शिरत गेली. 1584 मध्ये एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. ‘शुद्ध केला’ हे शब्द आपण सहज वापरतो, पण त्यात मोठी मेख आहे. प्रत अशुद्ध असू शकते याचा अर्थ जिच्याशी ताडून ती अशुद्ध ठरते अशी प्रतीहून निराळी काही वस्तू आहे. ती एकनाथांच्या समोर नव्हती. समोर होत्या त्या सगळ्या प्रतीच, कमीअधिक चुकलेल्या. तरीही त्यांना ठाऊक होते की आपण काहीतरी शोधतो आहोत, नवे रचत नाही.

मग ती वस्तू लेखकाच्या मनात असते का? चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ले तालुक्यातले. त्यांनी कुडाळात खाणावळ चालवली, आरती प्रभू या नावाने कविता लिहिल्या, आणि 1976 मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच ते गेले. त्यांची ‘कोंडुरा’ ही कादंबरी 1966 ची. मनाबरोबर कृती जाणार असती तर 1976 नंतर ती वाचता आली नसती. उलट ती वाचली गेली आणि श्याम बेनेगल यांनी तिच्यावरून चित्रपटही काढला. शिवाय वाचकाला तिच्यात जे सापडते ते सगळे लेखकाच्या मनात होतेच असे कोण सांगणार?

तिसरे उत्तर प्लेटोच्या वळणाचे: कृती ही संख्येसारखी नित्य असते, लेखक ती फक्त हुडकून काढतो. वेद अपौरुषेय मानणाऱ्या मीमांसकांना हे उत्तर जवळचे वाटेल. पण ‘कोंडुरा’ 1966 च्या आधी कुठे होती असे विचारले की ते लंगडे पडते. सात ही संख्या कुणी निर्माण केली नाही. ‘कोंडुरा’ कुणीतरी घडवली, आणि त्यासाठी रात्री जाळल्या.

कागद नाही, मन नाही, नित्य तत्त्वही नाही. मग उरले काय?

गावऱ्हाटीसारखी वस्तू

पोलंडचा तत्त्वज्ञ रोमान इनगार्डन याने 1931 मध्ये साहित्यकृतीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: साहित्यकृती स्वतःच्या पायावर उभी नसते. तिला लेखकाने जन्म दिलेला असतो, लिखित किंवा उच्चारलेल्या शब्दांचा तिला आधार असतो आणि वाचकाच्या जाणिवेत ती दरवेळी भरत जाते. अमेरिकेच्या एमी थॉमासन यांनी 1999 मध्ये हाच धागा पुढे नेला. कथा-कादंबऱ्या आणि त्यांतली माणसे या अमूर्त पण माणसाने केलेल्या वस्तू आहेत. त्यांना जन्म असतो, त्या टिकण्यासाठी संहिता किंवा स्मृती लागते आणि ती संहिता समजू शकणारी माणसे लागतात. यातले काही संपले की त्याही संपतात.

हे परदेशी पुस्तकात वाचताना अवघड वाटते, पण तळकोकणातल्या माणसाला असल्या वस्तूंची सवय आहे. इथल्या गावांचा कारभार गावऱ्हाटीने चालतो. कोणत्या घराचा कोणता मान, पालखीला खांदा कुणाचा, गाऱ्हाणे कोण घालणार, कौल कुणी लावायचा, हे ठरलेले असते. ही गावऱ्हाटी कुठे आहे? देवळाच्या दगडात नाही, कुणा एकाच्या डोक्यात नाही. ती कुठून तरी सुरू झाली आणि गावाने पाळणे सोडले तर संपेल. तरीही ती इतकी खरी की मानापानावरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. साहित्यकृती ही या कुळातली वस्तू आहे. गाऱ्हाणे घालताना एकजण बोलतो आणि प्रत्येक मागणीला जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. तो होकार आला नाही तर उरते ते एका माणसाचे नुसते बोलणे, त्याला गाऱ्हाणे म्हणता येत नाही.

तारकर्ली-देवबागच्या पुळणीवर रापण ओढताना पाहिली असेल तर हे डोळ्यांसमोर येईल. एक दोर किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी जाळे सोडत अर्धवर्तुळात फिरते आणि दुसरा दोर घेऊन किनाऱ्याला लागते. मग दोन रांगा दोन्ही दोर ओढू लागतात. लेखक एका दोराला, वाचक दुसऱ्याला. एका रांगेने हात सोडले की जाळे तिथेच असते, पण मासळी निघून जाते.

दुसऱ्या रांगेला किती ओढावे लागते याचे सुंदर उदाहरण देवगड तालुक्यातल्या मिठबावच्या पु. शि. रेग्यांनी ठेवले आहे. त्यांची ‘सावित्री’ (1962) ही कादंबरी पत्रांची आहे, आणि पत्रे आहेत ती फक्त सावित्रीची. तिला आलेली उत्तरे पुस्तकात नाहीत. तरी पुस्तक संपते तेव्हा ज्याला ती लिहीत होती तो माणूस आपल्याला माहीत झालेला असतो. रेग्यांनी न लिहिलेली पत्रे आपण लिहिलेली असतात. इनगार्डन म्हणतो, प्रत्येक कृतीत अशा भरायच्या जागा असतात. रेग्यांनी अर्धे पुस्तकच तसे सोडून दिले.

दशावतारी त्यांच्याही पुढे जातात. दशावताराला संहिताच नसते. आज कोणते आख्यान लावायचे ते जत्रेच्या गावात ठरते, कथेचा सांगाडा आणि कोण कोणते काम करणार एवढे बोलून होते आणि नट आपापला चेहरा रंगवायला बसतात. पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने जे संवाद रात्रभर चालतात ते त्या रात्री तोंडून निघतील तेच. एकच आख्यान सोमवारी एका गावात आणि मंगळवारी दुसऱ्या गावात झाले तर दोन्हींत एक वाक्यही सारखे असेलच असे नाही. तरी मंगळवारी पाहणारा म्हणतो, ‘ह्यां नाटक मी आधी बघलंय.’ त्याचे बरोबर आहे. इथे कृती शब्दांत नाही. ती कथेचा सांगाडा, नटांची तयारी आणि प्रेक्षकांची ओळख या तिघांनी मिळून धरलेली आहे.

चित्रातला घोडा

आता राजाकडे वळू. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडे. त्यावर जो बसला तो राजा. राजपार्ट करणारा हा माणूस दिवसा काय करतो हे पहिल्या रांगेतल्या म्हातारीला पक्के ठाऊक असते. शेजारी उभी राणी पुरुष आहे हेही ठाऊक असते. तरी राजावर संकट आले की तिच्या डोळ्यांना पदर लागतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ कॉलिन रॅडफर्ड यांनी 1975 मध्ये हे कोडे ॲना कारेनिना या कादंबरीतल्या नायिकेच्या निमित्ताने मांडले आणि निष्कर्ष काढला की जे नाही हे ठाऊक आहे त्यासाठी रडणे विसंगत आहे. म्हातारीला कुणी विसंगत म्हणाले तर ती ऐकून घेणार नाही, आणि ऐकून घेऊही नये.

तिच्या बाजूने वकिली हजारेक वर्षांपूर्वी झालेली आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा अर्थ लावताना शंकुक नावाच्या पंडिताने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. भिंतीवरचा घोडा बघून आपण ‘घोडा’ म्हणतो. हा खरा घोडा आहे असे आपल्याला वाटत नाही, हा घोडा नाही असेही म्हणत बसत नाही, घोडा आहे की नाही अशी शंका येत नाही आणि घोड्यासारखे काहीतरी आहे असेही आपण म्हणत नाही. खरे, खोटे, शंका आणि सादृश्य या चारही कप्प्यांत न बसणारे हे ज्ञान आहे. नटात राम दिसतो तो असा. भट्टनायकाने पुढची पायरी घातली: रंगभूमीवरचे दुःख ‘माझे’ नसते, ‘त्या तिऱ्हाइताचे’ही नसते. मालकी सुटलेले असे ते दुःख असते. याला साधारणीकरण म्हणतात. आणि अभिनवगुप्ताने, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सांध्यावर, या मतांची झाडाझडती घेऊन रसाचा सिद्धांत उभा केला.

यातली एक गंमत आपल्या विषयाच्या कामाची आहे. शंकुकाचा मूळ ग्रंथ आज नाही. भट्टनायकाचाही नाही. त्यांची मते आपल्याला कळतात ती मुख्यतः अभिनवगुप्ताने खोडण्यासाठी उतरवून घेतली म्हणून. आणि अभिनवगुप्ताची ‘अभिनवभारती’ ही टीकासुद्धा शतकानुशतके जणू पाण्याखालीच होती. केरळात सापडलेल्या हस्तलिखितांवरून ती 1926 पासून बडोद्याला छापली जाऊ लागली तेव्हा वर आली. संकासुर खराच असतो. आणि काही वेळा विष्णूचे काम विरोधकाला करावे लागते.

भले होते म्हणजे काय होते?

साहित्याने माणूस चांगला होतो, असे म्हणायची रीत आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची प्रयोजने मोजली. त्यांत कीर्ती आणि पैसा आहे, व्यवहारज्ञान आहे, अमंगलाचा नाश आहे, तत्काळ लाभणारा परम आनंद आहे आणि प्रियेने गोडीत सांगावा तसा उपदेशही आहे. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या दोन मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वाङ्मयीन दर्जाच्या कथा थोडा वेळ वाचल्यावर लोक नुसत्या डोळ्यांच्या फोटोवरून दुसऱ्याची भावना अधिक अचूक ओळखतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभर बातम्या झाल्या. नंतर इतरांनी मोठ्या संख्येवर तो प्रयोग करून पाहिला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पाणी पिणाऱ्याची तहान भागते, म्हणून एका घोटाने त्याची उंची वाढली का, हे कुणी मोजत नाही.

मला वाटते भले होते ते दुसरीकडे. त्यासाठी न. चिं. केळकरांकडे जायला हवे. 1921 च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि काव्यानंदाला त्यांनी नाव दिले ‘सविकल्प समाधी’. योगातल्या निर्विकल्प समाधीत ‘मी’ विरून जातो. वाचताना तसे होत नाही. वाचक दुसऱ्याच्या ठिकाणी जातो आणि तरी आपल्या ठिकाणी असतो. पहिल्या रांगेतली म्हातारी राणीबरोबर वनवासात असते आणि त्याच वेळी नातवाच्या अंगावर गोधडी ओढत असते. एका वेळी दोन ठिकाणी असण्याची ही मुभा माणसाला दुसरीकडे सहसा मिळत नाही. कामावर तो कामगार, घरी बाप, बँकेत कर्जदार. एकेका कप्प्यात एकेक जन्म. जत्रेच्या रात्री कप्प्यांच्या भिंती पातळ होतात. दिवसभर होडी वल्हवणारा राजा होतो आणि त्याच्याकडून उद्या बांगडे घेणारा आज त्याच्यापुढे वाकतो. नेरूरच्या कलेश्वर दशावतार नाट्यमंडळाचे सुधीर कलिंगण यांना लोक ‘लोकराजा’ म्हणत, ते रंग पुसल्यावरही. ज्याने एकदा दुसरे होऊन पाहिले, त्याला आपले आहे ते जिणे हे एकच शक्य जिणे वाटत नाही.

ॲरिस्टॉटलने माणसाच्या भरभराटीचा विचार केला तो आपल्या अंगच्या क्षमता पूर्णपणे वापरून जगणे असा. त्याचे काव्यशास्त्र मराठीत आणले ते देवगड तालुक्यातल्याच विंदा करंदीकरांनी. पुढे देकार्तपासून चार्वाकापर्यंतचे आठ दार्शनिक त्यांनी ‘अष्टदर्शने’मध्ये अभंगांत बसवले. दुसरे होऊन पाहणे ही जर माणसाच्या अंगची क्षमता असेल, तर ती वापरात ठेवणारी वस्तू आणि भले यांचा संबंध उघड आहे. साहित्याला कामाला लावले की मग भले होते, असे नाही. त्याचे असणेच आपल्या हातांवर अवलंबून आहे, आणि ते हात वापरणे हेच भले.

ही मुभा सगळ्यांना सारखी मिळाली असे मात्र नाही. राणीचे दुःख शतकानुशतके पुरुषांनी केले; राणी होण्याची वेळ इथल्या बायकांवर प्रेक्षकांतच आली. आणि राजा झालेला माणूस सकाळी जिथल्या तिथे परततो, त्याची मजुरी वाढत नाही. नाटकाची रात्र भिंती पातळ करते, पाडत नाही.

त्या भिंतीला भोक पडले की काय होते, ते गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने दाखवले. 1980 मध्ये रंगभूमीवर आलेल्या आणि मच्छिंद्र कांबळींच्या मालवणीने गाजलेल्या या नाटकात एक गाव द्रौपदी-वस्त्रहरणाचे नाटक करायला निघते. राजाच्या आतून सारखा गावकरी डोकावतो आणि हसून हसून पुरेवाट होते. दोघे एकाच अंगात आहेत हे आपल्याला आधीपासून ठाऊक होते, म्हणूनच इतके हसू येते. ज्याला ते ठाऊक नसेल तो घाबरेल किंवा रागावेल.

डुलकी

तर संकासुराने काय पळवले?

भागवतात या चोराचे नाव हयग्रीव आहे आणि तिथे चोरीची पद्धतही दिली आहे. ब्रह्मदेवाला झोप येऊ लागली, वेद त्याच्या मुखातून निसटले आणि जवळच असलेल्या असुराने ते नेले. घरफोडी नाही, मारामारी नाही. राखणदाराला डुलकी लागली एवढेच. कथाकाराला वस्तूची जात बरोबर कळली होती. जी वस्तू धरणाऱ्यांच्या धरण्यावर उभी आहे, ती चोरायला कुलूप तोडावे लागत नाही. धरणारा पेंगला की झाले. म्हणून वेदपाठकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे शब्द सुटे करून किंवा उलटसुलट गुंफून म्हणायचे प्रकार काढले, एकाची जीभ घसरली तर दुसऱ्याला कळावे म्हणून. या पठणपरंपरेला युनेस्कोने 2003 मध्ये मानवजातीचा वारसा म्हटले. दशावताऱ्यांनी एवढी तजवीज केली नाही. त्यांनी फक्त सगळ्या गावाला रात्रभर जागे ठेवले.

पहाटे धयकालो होतो, हंडी फुटते. राजा मुकुट उतरवून पेटाऱ्यात ठेवतो आणि पेटारा पुढच्या गावाला निघतो. पण त्याला अजून अवकाश आहे. आत्ता रात्रीचे तीन वाजले असतील. समुद्रावरून गार वारा येतो आहे, चहाच्या टपरीवर स्टोव्ह फरफरतो आहे आणि तिसऱ्या रांगेतला एक बाप्या छातीवर मान टाकून पेंगतो आहे. मृदंगावर थाप पडते. शेजारचा त्याला कोपराने ढोसतो.

‘ऊठ रे, राजा इलो.’